टिकून राहायचे की झेप घ्यायची?

हिवाळ्यात युरोपातला फुटबॉलचा सामना आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतो आणि संपेपर्यंत घड्याळाचा काटा सव्वातीनच्या पुढे सरकलेला असतो. गोंदियात डिसेंबर-जानेवारीची ती वेळ म्हणजे हाडे गोठवणारी. अशा वेळी एका घरात दिवा जळतो आहे. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, पुतण्या महाविद्यालयात. दोघांचा क्लब एकच आणि तो तक्त्यात शेवटून तिसरा. खालचे तीन संघ हंगामाअखेर खालच्या साखळीत जाणार.

"बाबू, आधी खाली घसरू नको म्हणावं," काका म्हणतात. "बरोबरी घे, एक गुण घे, जीव वाचव. बाकीचं पुढच्या साली पाहू."

"काका, दर साली हेच! काहून एवढं भ्यायचं? एकदा तर भिडू द्या ना पोट्ट्यांना."

वाद तापतो. काका खर्र्याची पुडी सोडतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला आहे. रात्रीची गोळी सामन्याच्या नादात राहून गेली आहे. ऐंशीव्या मिनिटाला त्यांना छातीत जड वाटू लागते. "गॅस झाला," म्हणून ते पाणी पितात.

ही जोडी कोणा एका घरातली नाही. नावे बदलली, क्लब बदलला तरी गोंदिया, तुमसर, कामठीपासून कोल्हापूरपर्यंत अशी घरे आहेत. त्यांच्या वादात दोन प्रश्न आहेत. संकटात सापडलेल्याने आधी टिकावे की झेप घ्यावी, हा पहिला. आणि असा वाद घालताना, असा सामना बघताना शरीरात नेमके काय होते, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे विज्ञानाने बऱ्याच अंशी शोधली आहेत.

मुंबईचा एक धडा

या वादाचे जिवंत उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. २००७ मध्ये मुंबई एफसी नावाचा क्लब उभा राहिला आणि वर्षभरात आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च साखळीत पोहोचला. २००९ मध्ये खालिद जमील त्याचे प्रशिक्षक झाले. पैसा बेताचा, मोठी नावे संघात नाहीत. त्यांनी संघाची बांधणी बचावाभोवती केली. गोल खायचा नाही, मिळेल तो गुण घ्यायचा. सात हंगाम ते या क्लबबरोबर होते आणि सातही हंगाम क्लब अव्वल साखळीत टिकला.

पण टिकणे हेच ध्येय झाले की चाहत्यांना ते पुरेनासे होते. खेळ रटाळ आहे, फक्त बचाव आहे, असे आक्षेप येत राहिले. २०१६ मध्ये जमील गेले, नवे प्रशिक्षक आले. २०१६-१७ च्या हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर राहिला, खाली घसरला आणि पुढे बंदच झाला.

त्याच हंगामात जमील मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले होते. हा क्लब आधीच्या हंगामात तळाशी जाऊन घसरला होता. गोव्याचे क्लब साखळीतून बाहेर पडल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली होती. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगविरुद्ध १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉल देशाचा विजेता ठरला. ईशान्य भारतातल्या क्लबने हे अजिंक्यपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

ही गोष्ट ऐकली की काका म्हणतील, "बघ, टिकणं सोडलं आणि क्लब संपला." पुतण्या म्हणेल, "बघा, त्याच माणसानं झेप घेतली आणि चषक आणला." दोघांनाही आपापला पुरावा मिळतो. वैद्यकशास्त्रात मात्र एका रुग्णावरून औषध सिद्ध होत नाही. प्रशिक्षक बदलला म्हणूनच क्लब घसरला, असे म्हणता येत नाही. खेळाडू, पैसा, प्रतिस्पर्धी, नशीब असे बरेच काही त्या हंगामात बदलले होते. एवढे मात्र नक्की दिसते की बचावाची जी शिस्त एका ठिकाणी टिकून राहण्याचे साधन होती, तीच दुसऱ्या ठिकाणी अजिंक्यपदाचा पाया झाली. टिकणे आणि झेपावणे हे एकमेकांचे शत्रू असतातच असे नाही.

हरण्याची भीती दुप्पट

मग काकांना बरोबरी इतकी गोड का वाटते? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये माणूस जोखमीचे निर्णय कसे घेतो यावर एक सिद्धांत मांडला. त्याचे सार घरगुती भाषेत सांगायचे तर शंभर रुपये सापडल्याचा आनंद आणि शंभर रुपये हरवल्याचे दुःख यांचे वजन मनात सारखे नसते. हरवल्याचे दुःख साधारण दुप्पट जड असते. पुढे २००२ मध्ये कानेमन यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

या सिद्धांतातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एखादी गोष्ट 'कमाई' वाटते की 'नुकसान', हे आपण मोजणी कुठून सुरू करतो त्यावर ठरते. काकांनी गेली वीस वर्षे क्लबला तळाशी धडपडताना पाहिले. त्यांची मोजणी तिथून सुरू होते, म्हणून सतरावा क्रमांकही त्यांना कमाई वाटतो. पुतण्याने क्लब बघायला सुरुवात केली त्या वर्षी तो सातवा होता. त्याच्या दृष्टीने सतरावा क्रमांक म्हणजे दहा पायऱ्यांचे नुकसान. एकच तक्ता, पण दोन घरांतल्या दोन रेषा वेगळ्या.

शब्दांची रचनाही निर्णय फिरवते. १९८२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया करावी की किरणोपचार घ्यावेत, असा प्रश्न लोकांना विचारला. काहींना सांगितले, 'शस्त्रक्रियेत शंभरपैकी नव्वद रुग्ण वाचतात.' काहींना सांगितले, 'शस्त्रक्रियेत शंभरपैकी दहा रुग्ण दगावतात.' गणित एकच. तरीही 'दगावतात' हा शब्द ऐकलेल्यांपैकी बरेच जास्त जण शस्त्रक्रियेपासून दूर गेले. विशेष म्हणजे त्यांत डॉक्टरही होते. आकडे रोज हाताळणारी माणसेही शब्दांना फसली.

फुटबॉलमध्ये याचा सर्वांत नाट्यमय नमुना पेनल्टी शूटआउटमध्ये दिसतो. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट आणि त्यांच्या सहकाऱ्याने मोठ्या स्पर्धांतल्या पेनल्टी तपासल्या. 'हा गोल केला की आपण जिंकलो' अशी स्थिती असताना खेळाडूंनी सुमारे ९२ टक्के वेळा गोल केला. 'हा चुकला की आपण हरलो' अशी स्थिती असताना हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास घसरले. चेंडू तोच, अंतर तेच अकरा मीटर, पाय व्यावसायिक खेळाडूचेच. बदलली फक्त डोक्यातली चौकट. तळाशी असलेला संघ सगळा हंगाम दुसऱ्या चौकटीत खेळत असतो, हे चाहत्यांनी लक्षात घेतले तर शिव्या थोड्या कमी होतील.

उपाशी पाखराचा हिशोब

टिकायचे की झेपावायचे, हा प्रश्न फुटबॉलच्या फार आधी निसर्गाने सोडवला आहे. १९८० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जुंको नावाच्या चिमणीएवढ्या पिवळ्या डोळ्यांच्या पाखरावर प्रयोग केला. पाखरापुढे दोन ठिकाणे ठेवली. एका ठिकाणी दर वेळी ठरावीक दाणे मिळत. दुसऱ्या ठिकाणी कधी भरपूर, कधी काहीच नाही. सरासरी मात्र सारखीच. पाखराला दिवसाची गरज भागेल इतके मिळत होते तेव्हा त्याने हमखास दाण्यांचे ठिकाण निवडले. पण ठरावीक दाण्यांवर दिवस निघणार नाही अशी उपासमार असताना तेच पाखरू बेभरवशाच्या ठिकाणाकडे वळले.

यात कसलीही बहादुरी नाही, साधे गणित आहे. थंडीची रात्र काढायला दहा दाणे लागत असतील आणि खात्रीने सातच मिळणार असतील, तर ती खात्री म्हणजे मरणाची खात्री.

हेच गणित साखळीत मांडून पाहू. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. समजा तीन सामने उरले आहेत. संघ पूर्ण बचावाने खेळला तर तिन्ही बरोबरीत सुटतात, म्हणजे हमखास तीन गुण. मोकळा खेळला तर प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता तीनात एक, नाहीतर पराभव. सरासरी दोन्हीकडे तीन गुणांचीच. आता वाचायला तीन गुण पुरेसे असतील, तर बचावाने वाचण्याची खात्री १०० टक्के. मोकळे खेळून ती ७० टक्क्यांवर येते. पण वाचायला चार गुण लागणार असतील तर? बचावाने वाचण्याची शक्यता शून्य; मोकळे खेळून ती २६ टक्के होते. केवळ एका गुणाच्या फरकाने काकांचा सल्ला शहाणपणाचा तो आत्मघाताचा ठरतो आणि पुतण्याचा वेडेपणा हाच एकमेव मार्ग उरतो.

म्हणून 'बचाव बरा की आक्रमण बरे' हा प्रश्नच अपुरा आहे. 'किती हवे आणि किती सामने उरले' हे आधी विचारायला हवे. इंग्लंडमध्ये १९८१ पर्यंत विजयाला दोनच गुण होते. तेव्हा दोन बरोबऱ्या म्हणजे एक विजय. तीन गुणांची पद्धत आली आणि बरोबरीचे मोल उतरले. काकांची पिढी मनाने अजून त्या जुन्या हिशोबात असेल तर नवल नाही.

धानाच्या बांधावरचे शहाणपण

गोंदियाच्या शेतकऱ्याला हे शिकवायला कोणा पाखराची गरज नाही. ज्याच्या बांधीला खात्रीचे पाणी नाही तो हलका धान लावतो. उत्पादन थोडे कमी, पण पीक लवकर हाती येते आणि परतीच्या पावसाने दगा दिला तरी घरात पोती येतात. ज्याच्या शेताला मामा तलावाचे पाणी आहे तो भारी धानाची हिंमत करतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

इथे जोखमीचे दोन प्रकार वेगळे होतात. एक जोखीम उपाशी पाखराची, दुसरा रस्ताच नाही म्हणून घेतलेली. दुसरी जोखीम भरलेल्या तलावाची, फसली तरी पुढचे वर्ष उभे राहील या भरवशावर घेतलेली. पहिली कधीतरी करावीच लागते. पण तिच्यावर संसार चालत नाही. क्लबची खरी महत्त्वाकांक्षा दुसऱ्या प्रकारची असते. तिला तलाव लागतो, म्हणजे पैशांची शिस्त, तयार होणारी मुले, मैदान आणि सोडून न जाणारे प्रेक्षक.

तलाव नसताना मोठी झेप घेतली की काय होते, हे आपल्या शेजारच्या गोव्याने पाहिले. चर्चिल ब्रदर्स २०१२-१३ चा आय-लीग विजेता होता. जानेवारी २०१४ मध्ये त्याने फेडरेशन कपही जिंकला. आणि त्याच हंगामानंतर तो अव्वल साखळीच्या बाहेर होता. परतायला २०१६-१७ उजाडले. इंग्लंडमध्ये विगन ॲथलेटिकची कथा अशीच. ११ मे २०१३ रोजी बलाढ्य मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला आणि तीनच दिवसांनी क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. विगनच्या चाहत्यांना विचारले की चषक हवा होता की जागा, तर आजही दोन तट पडतील.

महाराष्ट्राचा अनुभव त्याहून कडू आहे. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये देशाचे अजिंक्यपद जिंकले आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये उपविजेता होता. काही वर्षांत तोही मैदानाबाहेर गेला. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत होता आणि २०१९ मध्ये संपला. यांतला एकही क्लब मैदानावर तळाशी गेला म्हणून संपला नाही. त्यांच्या चाहत्यांना टिकायचे की झेपावायचे या वादाची चैनही मिळाली नाही. २०२५ मध्ये तर व्यावसायिक करारांच्या घोळात देशाची अव्वल साखळीच वेळेवर सुरू होऊ शकली नाही.

याउलट गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने निघाले की शेवटचे स्थानक येते ते कोल्हापूर. तिथल्या पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या संघांना कोणी उद्योगसमूह चालवत नाही. त्यांच्यामागे तालीम आणि पेठ आहे. संघ हरतो, जिंकतो, घसरतो, पुन्हा उभा राहतो. पेठ कुठे जात नाही. शाहू स्टेडियम भरते. टिकण्याची खरी मुळे तक्त्यात नसतात, मातीत असतात, हे त्यावरून दिसते.

हरतो क्लब, धडधडते आपले हृदय

आता दुसरा प्रश्न. मैदानावर धावतात बावीस जण. घरात बसलेल्या काकांच्या छातीत जड का वाटावे?

मेंदूला 'माझ्यावर संकट आहे' आणि 'माझ्या माणसांवर संकट आहे' यांत फारसा भेद करता येत नाही. चेंडू आपल्या गोलजवळ आला की सहानुकंपी मज्जासंस्था जागी होते. अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन सुटते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आइस हॉकीच्या प्रेक्षकांची नाडी मोजली. टीव्हीसमोर बसलेल्यांची नाडी सरासरी ७५ टक्क्यांनी, तर मैदानात बसलेल्यांची ११० टक्क्यांनी वाढली. म्हणजे ७० ची नाडी घरबसल्या १२० च्या पुढे. निरोगी हृदयाला हे सहज झेपते. ज्या धमनीत आधीच चरबीचा थर आहे, तिथे मात्र हा थर फाटून गुठळी होऊ शकते. तोच हृदयविकाराचा झटका.

याचा सर्वांत गाजलेला पुरावा जर्मनीचा. २००६ चा विश्वचषक तिथे भरला होता. म्युनिक आणि परिसरातल्या डॉक्टरांनी त्या काळातल्या हृदयाच्या तातडीच्या घटना मोजल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी त्या नेहमीच्या २.६६ पट होत्या. पुरुषांमध्ये ३.२६ पट, स्त्रियांमध्ये १.८२ पट. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांच्यात चौपट. आणि सर्वाधिक घटना सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांत. त्याआधी २२ जून १९९६ रोजी युरो स्पर्धेत नेदरलँड्स फ्रान्सकडून पेनल्टीवर हरले, त्या दिवशी डच पुरुषांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचे मृत्यू वाढल्याचे आढळले होते. ३० जून १९९८ ला इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरले, तेव्हा त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढली. उलट १२ जुलै १९९८ रोजी फ्रान्सने विश्वचषक जिंकला त्या दिवशी फ्रेंच पुरुषांमध्ये अशा मृत्यूंचे प्रमाण कमी दिसले. सगळ्याच देशांतल्या अभ्यासांत असा परिणाम आढळला नाही, हेही सांगायला हवे. इटलीत तो दिसला नव्हता. पण हृदयरोग्याने सावध राहावे इतका पुरावा नक्कीच आहे.

संप्रेरकेही डोलतात. १९९४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी आणि नंतर चाहत्यांची लाळ तपासली. ब्राझीलच्या चाहत्यांत टेस्टोस्टेरॉन वाढले होते, हरलेल्या इटलीच्या चाहत्यांत घटले होते. २०१४ मध्ये ब्राझीलच्या चाहत्यांत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मोजले. जर्मनीकडून ७-१ असा पराभव झाला त्या सामन्यात ते सर्वाधिक चढले. आणि 'हा संघ म्हणजेच मी' असे मानणाऱ्यांत ते इतरांपेक्षा जास्त होते. विश्वचषक महिनाभर चालतो. तळाशी धडपडणाऱ्या क्लबच्या चाहत्याला हा ताण आठवड्यामागून आठवडे मिळतो.

मग असा क्लब सोडून का देत नाहीत? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये दाखवले होते की आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकला की सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे जास्त घालतात आणि 'आपण जिंकलो' म्हणतात. हरला की 'ते हरले' होते. हा झाला सर्वसाधारण प्रेक्षक. निष्ठावंत चाहता हरल्यावरही 'आपण'च म्हणतो. त्याला त्यातून मिळते ती सोबत. संघाशी नाते असलेल्या माणसांना एकटेपणा कमी जाणवतो, असे अनेक अभ्यास सांगतात. निवृत्त काकांना पहाटे तीनपर्यंत पुतण्याशी भांडायला मिळते, हेही एक औषधच आहे. प्रश्न फक्त मात्रेचा.

सामना बघा, पण जपून

ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह आहे, ज्यांना स्टेंट बसला आहे किंवा बायपास झाली आहे, त्यांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. रोजच्या गोळ्या सामन्याच्या दिवशी न चुकता घ्याव्यात. त्या दिवशी तर मुळीच चुकवू नयेत. रात्रीचा सामना असेल तर गोळी जेवणाबरोबरच घेऊन टाकावी. एकट्याने बघू नये. पोट तुडुंब भरून बसू नये. तिखट-खारट चिवडा, भजी, दारू आणि जागरण एकत्र आले की रक्तदाब अधिक चढतो.

आपल्या भागात सर्वांत मोठा शत्रू तंबाखू. खर्रा असो, विडी असो की गुटखा, निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते आणि नाडी वाढवते. सामन्याचे ॲड्रेनलिन तेच करते. एकाच वेळी दोन्ही म्हणजे एकाच बैलावर दोन गाड्यांचा भार. नव्वद मिनिटांत तीन पुड्या सोडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. सामन्याची उत्कंठा थांबवता येत नाही. पुडी थांबवता येते.

सिकलसेल असलेल्या तरुणांनी विशेष काळजी घ्यावी. गोंदिया जिल्हा आणि पूर्व विदर्भात या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. थंडी, शरीरातले पाणी कमी होणे, अतिश्रम आणि ताण यांमुळे त्यांच्यात असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर पडदा लावून सामना बघायचा असेल तर अंगभर गरम कपडे आणि हाताशी पाण्याची बाटली हवीच. खेळायला उतरणाऱ्यांनी तर मध्ये मध्ये थांबून पाणी प्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. छातीच्या मधोमध दाब, जडपणा, आवळल्यासारखे वाटणे. वेदना डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे. दरदरून घाम, मळमळ, धाप लागणे यांपैकी काही झाले तर त्याला 'गॅस' म्हणू नये. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये कधी कधी वेदना फारशी नसते; नुसता थकवा, धाप किंवा अस्वस्थता एवढेच दिसू शकते. लगेच १०८ ला फोन करावा. रुग्णाने स्वतः गाडी चालवत जाऊ नये, जिने चढू-उतरू नये. सोडा, ओवा, मालिश यांत तास घालवू नये. बंद झालेली धमनी जितकी लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा फायदा पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असतो, आणि देवरी किंवा सालेकसाच्या आतल्या गावातून निघायचे असेल तर रस्त्यातला वेळही त्यातच मोजावा लागतो.

अतिदक्षता विभागातही रोज हाच वाद चालतो, थोड्या वेगळ्या शब्दांत. पहिल्या रात्री एकच ध्येय असते, श्वास आणि रक्तदाब टिकवणे. त्या रात्री कोणी रुग्णाला चालायला लावत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशीही त्याला खाटेवरच जपून ठेवले तर स्नायू झिजतात, पायात गुठळ्या होतात, मन खचते. म्हणून धोका टळताच त्याला आधी बसवतात, मग उभे करतात, मग चालवतात. कोणत्या दिवशी जपायचे आणि कोणत्या दिवशी उठवायचे, हे ओळखणे म्हणजेच उपचार. क्लबचेही तसेच. शेवटच्या तीन सामन्यांत तीन गुण पुरत असतील तर काकांचे ऐकावे, चार लागत असतील तर पुतण्याचे. आणि उन्हाळ्यात, साखळी संपल्यावर, दोघांनी मिळून तलावाचा विचार करावा.

त्या पहाटे पुतण्याने काकांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि नव्वदाव्या मिनिटाची वाट न बघता फोन उचलला, तर तो सामन्याचा निकाल उद्याही वाचू शकेल. काकाही वाचू शकतील. नवा हंगाम दरवर्षी ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि भांडायला समोर माणूस लागतोच.